तेलकट लेनवरील बोलिंगचा चेंडू

बोलिंगच्या लेनवर, फाऊल रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतच्या ६० फुटांपैकी सुमारे पहिल्या ४० फुटांवर, यंत्राने खनिज तेलाचा पातळ व डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा थर दिलेला असतो. हा थर दाट किंवा लांब असला, की चेंडूची निवड आणि त्याच्या पृष्ठभागाची सिद्धता यांवरच खेळाचा बहुतेक निकाल अवलंबून राहतो. एका लेनवरील सारे तेल बहुधा २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे मोठे दोन चमचे भरेल इतकेच; परंतु तेवढ्यावर पंधरा-सोळा पौंडांचा चेंडू पकड न मिळाल्यामुळे नुसता घसरत जातो, त्याला हुक, म्हणजे अखेरचे वळण, मिळत नाही, आणि सुमारे ६ अंशांच्या इष्ट कोनात पिनांच्या मुळाशी शिरण्याऐवजी तो त्यांना सपाट भिडतो.

तेलावर पकड मिळविण्याची खटपट जुनी आहे. डॉन मॅक्यून या अमेरिकी व्यावसायिकाने १९७३ साली पॉलिएस्टरचे चेंडू रासायनिक द्रावकात भिजवून मऊ केले व त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू हा बहुमान मिळविला; पुढे नियामक संस्थांनी कठिणतेची किमान मर्यादा घालून ही वाट बंद केली. यानंतर १९८०च्या सुमारास युरेथेनचे, आणि १९९०नंतरच्या दशकात रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे कवच आले. रेझिनमधील सूक्ष्म छिद्रे तेल शोषून घेतात. दाट तेलासाठी आज त्याच्या घन, म्हणजे मोतिया चमक न दिलेल्या, प्रकाराची शिफारस होते. मोतिया कवच तेलावर अधिक दूर घसरते व कोरड्या भागात एकदम वळते.

कवचाच्या आत कोअर, म्हणजे गाभा, असतो. त्याचे वस्तुमान केंद्राजवळ एकवटलेले असेल तर चेंडू लवकर लोळू लागतो. आणि त्याची घडण असमान असेल तर फिरण्याचा अक्ष वाटेत सरकत जाऊन प्रत्येक फेऱ्याला कवचाचा नवा, तेल न लागलेला पट्टा लेनला टेकतो. याला फ्लेअर म्हणतात. बोटांची छिद्रे कोअरच्या संदर्भात कोठे पाडावयाची, यावरही फ्लेअरचे प्रमाण ठरते. गिऱ्हाईक मात्र कोअरच्या चित्रावर भाळून पैसे मोजते आणि पृष्ठभागाकडे दुर्लक्ष करते. वस्तुतः चेंडूच्या वागण्यात सर्वाधिक फरक पाडणारी व सर्वांत स्वस्त वस्तू घासण्याचा पॅड ही आहे. दाट तेलावर ५०० ते १००० ग्रिटच्या पॅडने कवच खरखरीत करतात, कारण तसा पृष्ठभाग थर भेदून लेनला पोहोचतो. काही डाव खेळल्यावर तो आपोआप गुळगुळीत होतो, म्हणून पॅड पुन्हा फिरवावा लागतो. अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार ही मुभा स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच आहे, त्यानंतर पृष्ठभाग बदलण्यास मनाई आहे. १ ऑगस्ट २०२० पासून समतोल साधण्यासाठीचे जादा छिद्रही बंद झाले आहे, आणि स्पर्धा चालू असता चेंडू पुसण्यासाठी फक्त कोरडा टॉवेल चालतो.

निशाणाचा अदमास घेण्यासाठी खेळाडू तेलाच्या लांबीतून ३१ वजा करतात: थर ४५ फुटांचा असेल, तर लेनच्या ३९ पट्ट्यांपैकी कडेकडून १४ व्या पट्टीच्या आसपास चेंडू तेलाबाहेर यावा. हा निव्वळ ठोकताळा आहे. तथापि थर लांब असता कडेकडे धाव न घेता मध्याच्या बाजूने, थोडे सरळ व किंचित सावकाश खेळावे, एवढे त्यातून निश्चित निघते. पुढे चेंडूंनी तेल उचलले व पसरविले, की तोच खरखरीत चेंडू लवकर लोळून आपली शक्ती वाटेतच गमावू लागतो. तेव्हा आत सरकून खेळणे, अथवा अधिक गुळगुळीत, म्हणजे २००० किंवा ४००० ग्रिटचा, दुसरा चेंडू हाती घेणे, हे दोन मार्ग उरतात. शोषलेले तेल साचून पकड मंदावते, यास्तव अनेक बैठकांनंतर चेंडूला कोमट पाण्यात ठेवून ते बाहेर काढतात.