रायफल दुर्बिणीचे झीरोइंग

रायफल दुर्बिणीचे झीरोइंग म्हणजे रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीची दृष्टिरेषा आणि गोळीचा मार्ग ठरावीक अंतरावर एकमेकांना मिळतील अशा रीतीने दुर्बीण जुळवून घेण्याची प्रक्रिया होय. नवी दुर्बीण बसवल्यानंतर रायफलीचा नेम बिघडल्याचा अनुभव अनेकदा येतो. अशा वेळी दोष नेहमी दुर्बिणीचाच असतो असे नाही. तो दुर्बिणीच्या बैठकीत, काडतुसात, नळीत, दस्त्यात किंवा नेमबाजाच्या सवयीतही असू शकतो. त्यामुळे दुर्बिणीच्या गुंड्या फिरवण्यापूर्वी दोषाचे स्वरूप ओळखणे हा या प्रक्रियेचा सर्वात महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

इतिहास

रायफलीवर दुर्बीण बसवण्याची पद्धत १९व्या शतकात रूढ होऊ लागली. तिच्या आरंभीच्या प्रवर्तकांमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात सेवा केलेला स्कॉटिश अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन याची गणना होते. त्याच्या नावाने ओळखली जाणारी दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या बाजूस बसवली जाई. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–१८६५) अशा दुर्बिणी असलेल्या काही रायफली वापरल्या गेल्या. दुर्बीण आणि रायफल यांना जोडणारी रेल पुढे प्रमाणित झाली. आज प्रचलित असलेल्या पिकॅटिनी रेलचे अमेरिकी लष्करी मानक १९९५ मध्ये स्वीकारले गेले.

तत्त्व

दुर्बीण नळीच्या अक्षाच्या साधारण ४ ते ५ सेंटिमीटर वर असते. दृष्टिरेषा सरळ असते, तर गोळी गुरुत्वाकर्षणामुळे वक्र मार्गाने जाते. म्हणून नळी दृष्टिरेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेली असते. गोळी नळीजवळ दृष्टिरेषा खालून वर ओलांडते आणि पुढे एका अंतरावर तिला पुन्हा येऊन मिळते. या दुसऱ्या भेटीचे अंतर म्हणजे रायफलीचे शून्य अंतर. काडतूस बदलले की हे अंतरही बदलते.

दुर्बिणीच्या गुंड्या कोनाच्या मापात फिरतात. एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर भरते. नेमबाज या मापाला एमओए म्हणतात. पाव कलेच्या गुंडीची एक 'क्लिक' १०० मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर, तर ५० मीटरवर सुमारे ३.६ मिलिमीटर सरक देते. मिलिरेडियन पद्धतीत ०.१ मिलिरेडियनची एक क्लिक १०० मीटरवर १ सेंटिमीटर असते.

अचूकता आणि सुसंगती

एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांच्या समूहाला गट म्हणतात. नेमबाजांच्या बोलीत त्याला 'ग्रुपिंग' हा शब्द रूढ आहे. गटाबाबत दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात: गट किती लहान आहे, आणि तो कोठे पडला आहे? पहिला प्रश्न सुसंगतीचा आहे, दुसरा अचूकतेचा.

दुर्बिणीच्या गुंड्या केवळ गटाची जागा बदलतात. गटाचा आकार त्यांनी कमी होत नाही. गोळ्या दहा सेंटिमीटरच्या वर्तुळात विखुरल्या असताना प्रत्येक गोळीनंतर गुंडी फिरवल्यास विखुरणे अधिकच वाढते, कारण योगायोगाने चुकलेल्या गोळीचीही 'दुरुस्ती' केली जाते. एका गोळीवरून कोणताही निष्कर्ष निघत नाही. तीन गोळ्यांचा गट अंदाजापुरता पुरेसा असतो आणि पाच गोळ्यांचा गट अधिक विश्वासार्ह ठरतो.

गटाच्या आकृतीवरून दोषाची दिशा पुढीलप्रमाणे कळते:

• लहान गट, पण केंद्रापासून दूर: बैठक बहुधा ठीक असते, केवळ गुंड्यांची जुळणी उरते.
• मोठा, सर्व बाजूंना विखुरलेला गट: सैल स्क्रू, न मानवणारे काडतूस, मळलेली नळी किंवा अस्थिर टेकू.
• दोन वेगळे लहान गट: दुर्बीण किंवा तिच्यातील रेटिकल दोन स्थितींमध्ये हलत असण्याची शक्यता.
• एकाच दिशेने क्रमाने सरकणारा गट: नळी तापून दस्त्याला टेकणे किंवा हळूहळू सैल होणारा स्क्रू.
• आडवी पसरलेली रांग: बदलता वारा किंवा ट्रिगर बाजूला ओढण्याची सवय.
• उभी पसरलेली रांग: श्वासावरील नियंत्रणाचा अभाव, टेकूची बदलती जागा किंवा काडतुसांच्या वेगातील फरक.

बैठकीची तपासणी

नव्या दुर्बिणीनंतर उद्भवणाऱ्या दोषांचे सर्वात सामान्य मूळ बैठकीत असते. ही तपासणी एकही गोळी न झाडता, टेबलावर करता येते. त्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री नळीची कोठी पाहून आणि बोट लावून करणे अनिवार्य असते, आणि काडतुसे वेगळ्या ठिकाणी ठेवली जातात.

१. बेस आणि रेल: रायफलीला जोडणारे स्क्रू आधी तपासले जातात. ते अनेकदा कड्यांखाली झाकले जात असल्याने वरच्या कड्या कितीही घट्ट केल्या तरी दोष कायम राहतो. स्क्रूच्या आट्यांवरील तेल पुसून काढावे लागते. पुढचा स्क्रू प्रमाणापेक्षा लांब असल्यास तो बोल्टला किंवा नळीला टेकतो आणि घट्ट झाल्याचा केवळ भास होतो.

२. कड्या: कडीचा आडवा खिळा रेलच्या खाचेत नळीच्या तोंडाच्या दिशेने सरकवून मग आवळला जातो, अन्यथा पहिल्या काही धक्क्यांत दुर्बीण सरकते. दोन कड्या एका रेषेत नसल्यास दुर्बिणीच्या नळीवर ताण येतो.

३. आवळण्याचे बळ: वरच्या स्क्रूंसाठी सामान्यतः १.७ ते २.३ न्यूटन-मीटर बळ सांगितले जाते. उत्पादकाच्या सूचनेला मात्र अग्रक्रम असतो. अतिरिक्त बळाने दुर्बिणीची नळी चेपते आणि गुंड्यांची आतील यंत्रणा अडकते.

४. मोकळी जागा: दुर्बिणीचा पुढचा रुंद भाग नळीला टेकू नये. त्या दोहोंमधून कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे.

५. उभी रेषा: रेटिकलची उभी रेषा रायफलीच्या संदर्भात कललेली असल्यास अंतर वाढेल तसा गट बाजूला सरकतो.

६. दस्ता: नळी आणि दस्ता यांना धरून ठेवणारे स्क्रू सैल असल्यास कोणतीही दुर्बीण स्थिर शून्य धरू शकत नाही.

पराशय आणि डोळ्याचे अंतर

लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल एकाच प्रतलात नसल्यास डोळा हलवताच रेटिकल लक्ष्यावर सरकताना दिसते. या परिणामास पराशय किंवा पॅरॅलॅक्स म्हणतात. मोठ्या काडतुसांच्या रायफलींसाठीच्या अनेक दुर्बिणींत पराशय सुमारे ९० ते १०० मीटरसाठी कारखान्यातच निश्चित केलेला असतो. अशी दुर्बीण एअर रायफलीवर बसवून १० मीटरवर वापरल्यास नेमबाजाच्या गालाची जागा थोडी बदलली तरी गट फुटतो. स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलीचा धक्का दोन्ही दिशांना बसतो. त्यासाठी न बनवलेली दुर्बीण त्या धक्क्याने आतून मोडू शकते.

रेंजवरील क्रम

बोल्ट काढून नळीतून आणि दुर्बिणीतून एकच बिंदू पाहून केलेली प्राथमिक जुळणी गोळी कागदावर आणण्यापुरतीच असते. त्यानंतर २५ किंवा ५० मीटरवर, वाळूच्या पिशव्यांच्या टेकूवर रायफल ठेवून एकाच प्रकारच्या आणि एकाच उत्पादनगटातील काडतुसांनी गट घेतला जातो. गट समाधानकारक लहान असेल तरच गुंड्या फिरवल्या जातात.

उदाहरणार्थ, १०० मीटरवर गटाचे केंद्र ६ सेंटिमीटर खाली आणि ४ सेंटिमीटर उजवीकडे असल्यास पाव कलेच्या दुर्बिणीत ८ क्लिक वर आणि ५ किंवा ६ क्लिक डावीकडे फिरवाव्या लागतात. हाच फरक ५० मीटरवर आढळल्यास क्लिकची संख्या दुप्पट होते. हे विसरल्याने दुरुस्ती निम्मीच होते आणि दुर्बीण सदोष असल्याचा समज होतो.

गुंड्यांच्या यंत्रणेची शंका असल्यास चौकोन चाचणी घेतात. नेमाचा बिंदू न बदलता प्रत्येक गटानंतर उजवीकडे, खाली, डावीकडे आणि वर समान क्लिक फिरवल्या जातात. शेवटचा गट पहिल्या गटावर पडल्यास यंत्रणा निर्दोष ठरते. त्याहून निर्णायक परीक्षा अदलाबदलीची असते. खात्रीची जुनी दुर्बीण त्याच रायफलीवर बसवल्यावर गट सुधारला तर दोष नव्या दुर्बिणीत किंवा तिच्या कड्यांत असतो. तो सुधारला नाही तर काडतूस, नळीतील तांब्याचा थर, नळीच्या तोंडाची इजा आणि दस्ता यांकडे वळावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलणे हा या तपासाचा मूळ नियम आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे भारतात हौसेखातर शिकार करण्यास बंदी आहे, आणि बंदुकांचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनुसार दिला जातो. परवान्यावर काडतुसांच्या संख्येचीही मर्यादा असते. त्यामुळे चुकीच्या निदानात वाया जाणारी प्रत्येक गोळी परवानाधारकास महाग पडते. गिरगावातील फणसवाडीसारख्या चाळींच्या दाट वस्तीत किंवा दादर-परळ भागात गोळी झाडून तपासणी करणे शक्य नसते. घरी केवळ रिकाम्या रायफलीच्या बैठकीची पाहणी करता येते. मुंबईत नेमबाजीचा सराव वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजशी, तर पुण्यात बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाशी निगडित आहे.

ऑलिंपिकमधील १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही. तेथे बारीक छिद्राचे डायॉप्टर निशाण वापरतात. तरीही झीरोइंगचे तत्त्व तेच राहते. सामन्यापूर्वीच्या सराव गोळ्यांत नेमबाज गट पाहून निशाणाच्या क्लिक जुळवतो. एअर रायफल लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर, तर ५० मीटर लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. याच ५० मीटर अंतरावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले.

वस्तीत शिरलेल्या बिबट्यास बेशुद्ध करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डार्ट बंदुकीबाबत झीरोइंगचे महत्त्व वेगळ्या प्रकारे दिसते. डार्टचा वेग गोळीच्या मानाने फार कमी असल्याने तो थोड्या अंतरातच बराच खाली येतो. तो मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत बसणे अपेक्षित असते. पोटात, छातीत किंवा डोक्यास लागल्यास प्राण्याला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून अशा बंदुकीचे निशाण प्रत्यक्ष वापरातील वजनाच्या सराव-डार्टने, निरनिराळ्या अंतरांवर आणि दाबांवर आधीच तपासले जाते.

हेही पहा

• नेमबाजी
• प्रक्षेप्य गती
• पराशय
• स्वप्नील कुसाळे
• वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२