पिंपातून उमटलेले स्वर

उपवासकाळापूर्वीचा कार्निव्हल त्रिनिदाद बेटावर रुजवला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे स्थायिक झालेल्या फ्रेंच कॅथलिक मळेवाल्यांनी. त्यांच्या प्रशस्त घरांत मुखवट्यांचे नाच रंगत. आफ्रिकन गुलामांना त्या उत्सवात स्थान नव्हते. १८३८ मध्ये पूर्ण मुक्त झालेल्या या लोकांनी तोच सण आपलासा केला आणि ढोलांच्या गजरात रस्त्यावर आणला. १८८० च्या दशकात ब्रिटिश शासनाने ढोलवादनावर निर्बंध लादले, तेव्हा त्यांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांबूची जागा पत्र्याच्या डब्यांनी आणि पुढे तेलाच्या रिकाम्या पिंपांनी घेतली.

पिंपाचा तळ हातोडीने ठोकून खोलगट करायचा, त्यावर निरनिराळ्या स्वरांच्या जागा आखायच्या, पत्रा तापवायचा आणि पुन्हा ठोकून एकेक स्वर जुळवायचा, अशी स्टीलपॅनची घडण आहे. ही विद्या पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांत जन्मली. प्रतिष्ठितांच्या लेखी हे वादक गुंड होते. १९५१ मध्ये त्यांच्यातील निवडक वादकांचे पथक लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजले, तेव्हापासून ही दृष्टी पालटू लागली.

१९७३ मध्ये शिकागोच्या पश्चिमेस, डीकाल्ब येथील नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक ॲलन ओ’कॉनर यांनी स्टीलबँड स्थापन केला. अमेरिकन विद्यापीठांतील तो सर्वांत जुन्या स्टीलबँडांपैकी एक होय. परंतु पुस्तकी विद्वत्तेने पिंप सुरात येत नाही. १९८५ मध्ये त्रिनिदादचे क्लिफ ॲलेक्सिस तेथे आले. वाद्य घडवणे, जुळवणे, त्यासाठी संगीत रचणे या तिन्ही गोष्टी त्यांच्या हातात होत्या. वस्तीतल्या कारागिराची विद्या अशा रीतीने विद्यापीठात अध्यापनाचा विषय झाली.

१९९३ मध्ये त्रिनिदादचाच तरुण वादक लियम टीग तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाला. पुढे तो तेथेच प्राध्यापक झाला. त्याच विद्यापीठातील रचनाकार जॅन बाख यांनी १९९४ मध्ये स्टीलपॅन आणि वाद्यवृंद यांसाठी कॉन्सर्टो रचला. कॅलिप्सोच्या जोडीला पाश्चात्त्य अभिजात व समकालीन रचना या पिंपांवर वाजू लागल्या. २००० साली त्रिनिदादमधील जागतिक स्टीलबँड महोत्सवात या पथकाने दुसरा क्रमांक पटकावला. वाद्याच्या जन्मभूमीने दिलेली ही पावती होती.

लोककला विद्यापीठात गेली की तिचा प्राण हरपतो, अशी भीती व्यक्त केली जाते. ती अनाठायी नाही. मूळ वस्तीत सूर कानाने टिपून बोटांत उतरतात, तर विद्यापीठात ते कागदावर येतात. तरीही डीकाल्बचा अनुभव एक गोष्ट शिकवतो. तेथे कला आली ती आपल्या गुरूसह. २०१९ मध्ये ॲलेक्सिस निवर्तले, तोवर त्यांच्या हातोडीचे ज्ञान नव्या पिढीच्या हाती पोहोचले होते. कलेला सभागृहात आसन देताना कलावंताला दाराबाहेर उभे केले नाही, तर दोघांचाही मान राहतो.