टोपलीच्या संडासापासून ड्रेनेजपर्यंत

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा घरातच संडास आहे याचे कोणालाच नवल वाटले नाही. पण माझ्या वयाच्या मंडळींना टोपलीचे संडास नक्की आठवत असतील. नातवंडांना ते सांगून खरे वाटत नाही, म्हणून हा थोडा इतिहास.

जुन्या गावांत संडास परसात, चार पायऱ्या उंचावर असे. खाली टोपली किंवा डबा, आणि तो काढायला मागच्या बोळात उघडणारे छोटे दार. त्या बोळातून सकाळी सफाई कामगार येत. त्यांत बायकाही असत. पत्र्याच्या तुकड्याने मैला खरवडून पाटीत भरायचा आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायचा. पावसाळ्यात पाटी अंगावर गळे. आमच्या आळीत येणाऱ्या बाईला सगळे ‘ती’ एवढेच म्हणत.

गावाबाहेर खड्ड्यांत कचऱ्याचे आणि मैल्याचे थर देत. काही महिन्यांनी त्याचे सोनखत होई, आणि नगरपालिका ते शेतकऱ्यांना विकत. मैल्याला भाव होता, तो वाहणाऱ्याला नव्हता!

मुंबईत या कामासाठी कर असे. १८८८ च्या महापालिका कायद्यात त्याचे नाव ‘हलालखोर कर’. हलालखोर म्हणजे कष्टाची भाकरी खाणारा. नाव एवढे चांगले, पण पुढच्या दाराने त्याला कोण आत घेणार?

हे बदलावे म्हणून झटणाऱ्यांत कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्याला भंगीकाम करू द्यावे, यासाठी त्यांनी अन्न सोडले, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना उपवासाने साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी साधे, खताचे संडास करून दाखवले.

कायद्याने मात्र फार उशीर केला. टोपलीच्या संडासांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा १९९३ चा. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणे हाही गुन्हा ठरला. तरी गुदमरून माणसे गेल्याच्या बातम्या अजून येतातच.

आपल्याही आवारात ड्रेनेज तुंबते. मशीनची गाडी यायला दोन दिवस लागले तर लागू देत, खर्च थोडा जास्त झाला तर होऊ दे. पण आपल्याकडे माणूस खाली उतरवायचा नाही, असा ठराव या रौप्यमहोत्सवी वर्षाच्या वार्षिक सभेत व्हावा. सूचक म्हणून माझे नाव लिहून घ्या.