महालक्ष्मी डोंगर
पालघर (२०१४ पूर्वी ठाणे) जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील आदिवासींचे श्रद्धास्थान. ठाणे-कल्याणकडील यात्रेकरूंना दिवा-वसई लोहमार्गाने डहाणू रोड व तेथून मोटारीने विवळवेढे येथे जाता येते. देवीचे मूळ स्थान डोंगरावर. चढताना मूर्च्छित झालेल्या गर्भवती भक्तिणीसाठी ती पायथ्याशी आली, अशी आख्यायिका आहे. चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीचा आदिवासी पुजारी शिखरावर ध्वज लावतो. ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तरी हा मान टिकला. बहुतेक यात्रेकरू पायथ्याशीच दर्शन घेतात. ऑस्ट्रेलियातील आदिवासी अनांगूंना उलुरू या पवित्र खडकाची मालकी १९८५ मध्ये परत मिळाली, परंतु पर्यटकांची चढाई बंद होण्यास २०१९ उजाडले. येथे तशा मनाईचे काम बहुधा आख्यायिकेनेच केले असावे. यात्रा सुमारे पंधरा दिवस भरते.