क्ष-किरणनलिकेतील प्रकाश

डिचोलीच्या शाळेत एका विद्यार्थ्याने मला विचारले होते : प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन निघतात, तर क्ष-किरणनलिकेतील तार तापविता कशाला? मी कलाशाखेचा पदवीधर. त्या दिवशी निरुत्तर झालो.

१८८७ मध्ये हर्ट्‌झला आढळले की, जंबुपार प्रकाश पडला असता धातूच्या टोकांमधील ठिणगी अधिक सुलभतेने उडते. राँटगेनला क्ष-किरण दिसले ते त्यानंतर, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. (पोर्तुगीज अमदानीतील 'रायुश शीश' ते हेच, अज्ञात राशीसाठी 'क्ष' योजणारी आमची मराठी मला अधिक गोड वाटते.) आरंभीच्या नलिका आतील विरल वायूवर विसंबून असत व लहरीपणे वागत. १९१३ मध्ये कूलिजने टंगस्टनची तप्त तार योजिली आणि उष्णतेचे राज्य सुरू झाले. ते योग्यच होते. तप्त तार इलेक्ट्रॉन विपुल देते, प्रकाशाने ते फार थोडे सुटतात.

परंतु तापलेली तार क्षणात निवत नाही. जेथे किरण थोडे पण नेमक्या क्षणी हवेत, तेथे प्रकाशच उपयोगी. २०२३ मध्ये अवकाशात गेलेल्या जपानच्या 'क्रिझम' उपग्रहावर, मापनयंत्राची पडताळणी करण्यासाठी, अशी नलिका आहे. चिमुकल्या दिव्याचा जंबुपार प्रकाश ऋणाग्रावर पडतो, सुटलेले इलेक्ट्रॉन लक्ष्यावर आदळतात व क्ष-किरण उमटतात. दिवा मिटताच तेही थांबतात.

आमच्या पेडणे-डिचोलीच्या वर्गांतून हे दोन धडे आम्ही निरनिराळे शिकविले. त्या मुलाने ते एकत्र वाचले होते.