बावीस जणांचे संभाषण

विद्युत्-अभियांत्रिकी शिकताना आम्हाला प्रश्न बहुधा एकाच दिशेने येई: मंडल दिले आहे, प्रवाह काढा. हवे ते वर्तन दिले असता तसे मंडल बांधता येईल का, हा उलटा प्रश्न शेवटच्या दोन तासांत उरकला गेला. पुढे इतिहास वाचताना कळले की खरी गंमत तिथेच होती.

हा प्रश्न बर्लिनच्या विल्हेल्म काउअर यांनी १९२६च्या प्रबंधात नेटाने हाती घेतला. एका पोर्टपुरते, म्हणजे तारांच्या एका जोडीपुरते, पूर्ण उत्तर ओटो ब्रून यांनी १९३१मध्ये एमआयटीत दिले. पोर्ट अनेक असले की एका फलनाच्या जागी मॅट्रिक्स येते, आणि प्रकरण वेगळेच होते.

किती वेगळे, हे व्हितोल्ड बेलेविच यांच्या १९५०च्या निबंधात दिसते. त्यांच्या डॉक्टरेटच्या कामाला काउअर यांचे मार्गदर्शन लाभले होते. प्रश्न टेलिफोनचा: अनेकांना एकत्र असे जोडायचे की कोणाचाही आवाज बाकी सर्वांकडे सारख्या वाट्याने जावा, बोलणाऱ्याकडे परतू नये, वाटेत ऊर्जाही गळू नये. साधन एकच, आदर्श ट्रान्सफॉर्मर. गणितात याचा अर्थ एक सममित चौकट: कर्णावर शून्य, इतरत्र अधिक किंवा उणे एक, आणि कुठल्याही दोन ओळींतील समोरासमोरच्या आकड्यांच्या गुणाकारांची बेरीज शून्य.

तीन जण घेऊन पाहा. कुठल्याही दोन ओळींत शून्य नसलेले आकडे समोरासमोर एकाच ठिकाणी येतात. तो गुणाकार एक किंवा उणे एक. बेरीज शून्य होणार कशी? तिघांसाठी असे जाळे नाहीच. चौघांसाठीही नाही. सहांसाठी आहे, दहांसाठी आहे. बावीस जणांसाठी मात्र नाही, कारण २१ ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेने मिळत नाही. कितीही तांबे वापरा! कारागिराच्या हाताला संख्याशास्त्राची ही अट आड येते, याचे मला अजून नवल वाटते.

काउअर यांना हे पाहता आले नाही. कुटुंबाला सुरक्षित ठिकाणी पोचवून ते बर्लिनला परतले होते. २२ एप्रिल १९४५ रोजी सोव्हिएत सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९४१मध्ये निघाला होता. दुसऱ्याचे हस्तलिखित युद्धात नष्ट झाले. त्यांनी ते पुन्हा लिहून काढले, तेही गेले.