सायकलस्वाराची रोजची खंडेनवमी

हिंगोलीचा दसरा मराठवाड्याला परिचयाचा आहे. रामलीला मैदानावरची गर्दी आपण सर्वांनी पाहिली आहे. पण आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरोघरी एक छोटा सोहळा होतो. शेतकरी अवजारे पुजतो, सुतार करवत-रंधा मांडतो. ज्याच्या दारात सायकल असते, तो ती धुऊन-पुसून हँडलला झेंडूचा हार घालतो. ज्या वस्तूवर आपली वाट अवलंबून आहे, तिची आठवण वर्षातून एकदा तरी ठेवावी, ही त्यामागची भावना. शर्यतीतला सायकलपटू मात्र ही खंडेनवमी रोज पाळतो.

त्याच्या सायकलीला मडगार्ड नसते, कॅरिअर नसते, स्टँडही नसते. टायर जेमतेम दोन बोटे रुंद, पण त्यात हवा मोटारीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट दाबाची. अशी सायकल कुणी तासन् तास पुसत बसला, की आपल्याला वाटते, हा मिरवण्याचा षोक आहे. इतिहास काही वेगळेच सांगतो.

‘टूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत 1903 मध्ये सुरू झाली. सायकल बिघडली तर स्वाराने ती स्वतःच दुरुस्त करायची, असा तेव्हा कडक नियम होता. 1913 मध्ये यूजीन ख्रिस्तोफ हा फ्रेंच स्वार पिरेनीज पर्वतातला तूर्माले घाट उतरत असताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरहून अधिक चालत खालच्या गावी पोहोचला. तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने चिमटा स्वतःच्या हाताने जोडला. पंच शेजारी उभे होते. लोहाराच्या पोराने भाता ओढला, एवढ्याच मदतीबद्दल ख्रिस्तोफला दंड म्हणून जादा मिनिटे लावण्यात आली! शर्यत हातची गेली; पण आज लोक आठवण काढतात ती त्याचीच.

पुढे नियम सैल झाले. 1937 पासून त्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला मुभा मिळाली. वेग वाढला, तसे नाजूक भागही वाढले. आपल्याकडच्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. त्या चढावर कुरकुरणारी चेन स्वाराचा दम खाते, आणि कोणत्याही घाटाच्या उतारावर झिजलेले ब्रेक-रबर जिवावर बेतते. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अशा शर्यतीत मदतनिसांची गाडी सोबत असते. तरीही सायकलीतला बारीकसा बदल आधी कळतो तो पायडलवरच्या पायाला.

आपल्या हिंगोलीकडची काळी माती तर सायकलीची परीक्षाच घेते. पावसाळ्यात ती चाकाला चिकटते, उन्हाळ्यात धूळ होऊन चेनमध्ये आणि छर्‍यांमध्ये शिरते. फडके घेऊन बसलेल्या हाताला सैल तार, टायरमध्ये रुतलेला काटा किंवा फ्रेमची केसासारखी चीर वेळेवर सापडते. चकाकी ही त्या तपासणीतून आपोआप येणारी गोष्ट. सायकल साधी असो वा शर्यतीची, येत्या रविवारी अर्धा तास तिला द्या. हार दसऱ्याला घातला तरी चालेल.